हरळी, वाफसा आणि साहेबाचं कुरण: पार्कलँड गोल्फ कोर्स समजून घेताना

सोलापुरात ‘पार्कवर जाऊन येतो’ म्हटलं की कुठल्या पार्कवर, असं कुणी विचारत नाही. पार्क म्हणजे पार्क स्टेडियम आणि त्याच्या कडेचा पार्क चौक. त्यामुळे परवा दुपारी कूलरसमोर लोळून टीव्हीवर गोल्फ बघणाऱ्या माझ्या भाच्याने समालोचकाच्या तोंडून ‘पार्कलँड कोर्स’ हा शब्द ऐकला आणि आतून हाक मारली, “मामा, हे पार्कवर खेळायलेत व्हय?”

मी गोल्फ कधी खेळलेलो नाही आणि आता या वयात खेळेन असंही वाटत नाही. पण शेतीचं शिक्षण झालंय आणि बियाणं-खताच्या दुकानात निम्मं आयुष्य गेलंय. त्या नजरेने बघितलं तर गोल्फचं मैदान हा चेंडूपेक्षा माती, पाणी आणि गवताचा मामला आहे. भाच्याला त्या दिवशी जे सांगितलं ते जरा सविस्तर इथे लिहितो.

खेळ दोन ओळींत सांगून टाकतो, कारण तो सोपा आहे. ४६ ग्रॅमच्या आतला, साधारण पावणेदोन इंची चेंडू काठीने मारत मारत दूरवरच्या एका भोकात घालायचा. भोक १०८ मिलिमीटर रुंद, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढं. अशी १८ भोकं, आणि कमीत कमी फटक्यांत जो सगळी पुरी करेल तो जिंकला. प्रत्येक भोकाला तरबेज खेळाडूला किती फटके लागावेत त्याचा एक आकडा ठरलेला असतो: तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात. अठरा भोकांची बेरीज बहुतेक ठिकाणी ७० ते ७२ होते. अठराच का? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पूर्वी फेरीत २२ भोकं खेळत. १७६४ साली काही छोटी भोकं एकमेकांत मिळवून ती १८ झाली, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला.

आता मैदान. क्रिकेटचं मैदान कुठेही करा, मधली खेळपट्टी बावीस यार्डांचीच राहते. गोल्फचं तसं नाही. जमीन जशी, तसं मैदान. म्हणून त्याच्या जाती पडतात, आणि सगळ्यात जुनी जात आहे समुद्रकाठची, तिला लिंक्स म्हणतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचे उंचवटे असलेला एक पट्टा असतो. पेरायला कामाचा नाही, घर बांधायला नाही. आपल्याकडे अशा जमिनीला गायरान म्हणून सोडून देतात, तिथेही तसंच सोडलं होतं. मेंढ्या आणि ससे गवत खाऊन आखूड ठेवायचे, वाळूमुळे पाऊस पडला तरी तासाभरात जमीन कोरडी, आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे दडून बसायच्या तिथे गवत जाऊन वाळूचे खड्डे पडायचे. आज ज्याला बंकर म्हणून मुद्दाम खणतात, त्याचा उगम असा मेंढीच्या बुडाखाली आहे असं सांगतात. थोडक्यात, पहिलं गोल्फचं मैदान कुणी बांधलं नाही. ते आयतं सापडलं.

पार्कलँड, म्हणजे समुद्रापासून आत, झाडं आणि हिरवळीतलं मैदान, मात्र पूर्णपणे माणसाची करणी आहे, आणि गंमत ही की ते बघून वाटतं, हेच खरं निसर्गाचं.

इंग्रजीत पार्क या शब्दाचा मूळ अर्थ बाग नव्हे. राजाने किंवा सरदाराने शिकारीची हरणं ठेवायला कुंपण घालून राखलेली जमीन म्हणजे पार्क. आपल्या संस्थानिकांची राखीव कुरणं असायची, त्याच जातीची गोष्ट. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जमीनदारांना हौस आली की आपल्या वाड्याच्या खिडकीतून बाहेर बघितलं की लांबपर्यंत हिरवं गवत दिसावं, मध्ये मध्ये ओक आणि बीचची भारदस्त झाडं असावीत, एखादं वळणदार तळं असावं, आणि हे सगळं देवानेच मांडून ठेवल्यासारखं वाटावं. ही हौस पुरवणारा सगळ्यात नावाजलेला माणूस लान्सलॉट ब्राउन. गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, तुमच्या जमिनीत ‘केपेबिलिटी’ आहे, वाव आहे. म्हणून लोकांनी त्याचं नावच केपेबिलिटी ब्राउन पाडलं. (आमच्या धंद्यातले लोकही गिऱ्हाइकाला हेच सांगतात. आमची नावं मात्र कुणी अशी पाडली नाहीत.) त्याने शंभराहून जास्त जमीनदारांच्या जमिनी नव्याने घडवल्या. टेकाडं हलवली, ओढे अडवून तळी केली. दिवाणखान्यापर्यंत गुरं येऊ नयेत, पण मध्ये कुंपणही दिसू नये, म्हणून त्या काळी एक खोल चर खणून त्याची एक बाजू दगडाने बांधून काढत. वरून बघणाऱ्याला गवत सलग दिसतं आणि मेंढी मात्र चरापाशी अडते. या चराचं नाव ‘हा-हा’. खरंच तेच नाव आहे. आपल्या भुईकोटाच्या खंदकाचं काम शत्रू अडवायचं, याचं काम मेंढी अडवायचं, एवढाच फरक.

पुढे विसाव्या शतकात, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतर, वारसा कर आणि वाढलेला खर्च यांनी हे जमीनदार मेटाकुटीला आले. वाडे आणि जमिनी विकायला निघाल्या. घेणाऱ्यांमध्ये गोल्फ क्लबही होते: वाड्याचं क्लबहाउस झालं, आणि समोरच्या कुरणात भोकं पडली. खेड्यातलं जुन्या वळणाचं पार्कलँड मैदान म्हणतात ते हे. भव्य झाडं, मऊ हिरवळ, तळं, आणि दूर दगडी घर.

पण नुसती जमीन मिळून भागत नव्हतं. समुद्रकाठची वाळू सोडून आत आलं की चिकणमाती लागते, आणि चिकणमातीत गवत गुडघ्यापर्यंत वाढतं. ते कापणार कोण? याचं उत्तर कापडगिरणीतून आलं, आणि गिरण्यांच्या गावात राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट विसरू नये. इंग्लंडमध्ये स्ट्राउड नावाच्या गावाजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणून झालेल्या कापडावर जी लव राहते ती फिरत्या पात्यांच्या यंत्राने भादरून कापड गुळगुळीत करत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते यंत्र बघितलं आणि त्याला सुचलं, हेच जमिनीवर फिरवलं तर? १८३० साली त्याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे मोठी यंत्रं घोड्यांनी ओढायला लागले तेव्हा टापांनी हिरवळ उखडू नये म्हणून घोड्यांना कातडी बूट घालत. भाच्याचा यावर विश्वास बसला नाही. पण तसे बूट आजही तिकडे संग्रहालयांत आहेत.

आता एका भोकाची सफर करू. सुरुवातीच्या सपाट चौथऱ्याला टी म्हणतात. तिथून पुढे गवत बारीक कापलेला लांब पट्टा, तो फेअरवे. चेंडू इथे पडला तर खेळाडू खूश. दोन्ही अंगांना उंच गवत, त्याला रफ. त्याच्याही बाहेर झाडांची रांग. शेवटी भोक असलेली अतिशय गुळगुळीत जागा, ती ग्रीन. फरक सगळा कापणीचा आहे: रफ दोन इंच किंवा त्याहून उंच, फेअरवे साधारण एक ते दीड सेंटिमीटर, आणि ग्रीन तीन-चार मिलिमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे मालदांडी ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षाही बुटकं गवत, आणि ते जिवंत ठेवायचं, रोज कापायचं.

लिंक्सवर खेळाडूचा वैरी वारा असतो. पार्कलँडवर ती कामगिरी झाडांची. फेअरवे झाडांमधून बोळासारखा जातो, मध्येच कुत्र्याच्या मागच्या पायासारखा वाकतो, आणि त्या कोपऱ्यावर नेमका एक मोठा वृक्ष उभा असतो. त्याच्यावरून मारायचं की वळसा घालून दोन फटक्यांत जायचं, हा सगळा हिशेब. मैदान आखणारा माणूस सूर्याचाही विचार करतो: सकाळी पहिल्या भोकाला तोंडावर ऊन नको, संध्याकाळी शेवटच्या भोकाला मावळतीकडे तोंड नको. आणि सहसा नऊ भोकांची फेरी फिरून परत क्लबहाउसपाशी येते, म्हणजे चहाची सोय होते. जुन्या लिंक्सवर बऱ्याचदा सरळ लांब जाऊन तसंच परत यायचं असतं.

झाडांवरून मात्र तिकडे आता मोठा वाद आहे. लावताना रोप हातभर असतं. पन्नास वर्षांनी त्याची सावली ग्रीनवर पडते, हवा खेळत नाही, दव वाळत नाही, बुरशी येते, आणि मुळं फेअरवेचं पाणी पितात. बांधावरच्या लिंबाखाली पीक उठत नाही म्हणून भावाभावांत भांडणं होतात, तोच प्रकार. अमेरिकेतल्या ओकमाँट क्लबने तर गेल्या तीसेक वर्षांत हजारो झाडं तोडून मैदान मूळचं होतं तसं उघडं केलं. आधी सभासद चिडले, मग इतर क्लबांनीही कुऱ्हाडी काढल्या.

आणि आता गवत. इथे मला खरं बोलायचं आहे.

इंग्लंडच्या थंडीत बेंट, फेस्क्यू, राय असली गवतं चालतात. आपल्या उन्हात ती टिकत नाहीत. उष्ण देशांत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, आखातात आणि आपल्या भारतातही, गोल्फच्या मैदानावर जे गवत सगळ्यात जास्त लावतात त्याला ते बर्म्युडा ग्रास म्हणतात. नाव ऐकून वाटतं कुठल्या तरी बेटावरून विमानाने आणलं असेल. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा, आणि माझ्या वडिलांनी मोहोळ तालुक्यातल्या साडेचार एकरांत जन्मभर जिच्याशी वैर धरलं ती हरळी.

वडील उन्हाळ्यात खोल नांगरट करायचे, ढेकळं उन्हात तापू द्यायचे आणि मग आम्हा पोरांना काश्या वेचायला लावायचे. हरळीची मेख अशी की जमिनीवरून धावतं खोड आणि जमिनीखालून पांढरी काशी, दोन्हीकडून ती पसरते. पेराएवढा तुकडा राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा हातभर होते. शेतकऱ्याला जो तिचा अवगुण, तोच गोल्फवाल्याला गुण. काठीने ढपला उडाला की आठवड्या-दोन आठवड्यांत जखम भरून निघते. वरून रोज कापलं की ती आडवी पसरून दाट होते. आणि ऊस, ज्वारी, मका यांच्यासारखीच ती कडक उन्हात जोमाने अन्न बनवणाऱ्या गवतांच्या गटातली असल्याने चाळीस अंशांत दमत नाही, फक्त पाणी लागतं.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानांच्या बहिणीशी संकर केला. मूळ तो गुरांच्या चाऱ्यासाठी हरळी सुधारायला बसला होता. त्यातून मैदानांच्या जाती निघाल्या. १९६० साली आलेली ‘टिफवे ४१९’ आजही जगभर फेअरवेवर आहे. हा संकर वांझ असतो, बी धरत नाही. मग लावायची कशी? काश्यांनी. आम्ही टोपलीभर वेचून बांधावर जाळायचो, तसल्याच काश्या आता नर्सरीवाला मोजून पैसे घेऊन देतो. हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “इकत?”

ग्रीनच्या खाली काय असतं हेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण सगळी विद्या तिथे पुरलेली आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली एक रचना ठरवून दिली. तळाला पाझराचे पाइप, त्यावर चार इंच बारीक खडी, आणि त्यावर एक फूट निवडक वाळू, त्यात थोडं सेंद्रिय द्रव्य. माती असलीच तर नावाला. ऐकणाऱ्याला वाटेल, वाळूतून पाणी सरळ खाली पळून जाईल. तसं होत नाही. का, ते सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. धुतलेली चादर दोरीवर टाका. वरचा भाग आधी वाळतो, आणि खालच्या काठाशी पाणी साचून राहतं. तो काठ शेवटपर्यंत ओला. पाणी खाली हवेत का उडी मारत नाही? कारण धाग्यांमधल्या बारीक फटी त्याला धरून ठेवतात, आणि हवेत धरायला काही नाही. पाण्याचं वजन त्या पकडीपेक्षा जास्त झालं की मग थेंब पडतो. वाळू म्हणजे चादर, खडीतल्या मोठ्या पोकळ्या म्हणजे हवा. वाळूच्या तळाशी ओल धरून राहते, मुळांना मिळते. आणि धो धो पाऊस आला की जास्तीचं पाणी खडीत उतरून पाइपातून निघून जातं.

शेतकऱ्याच्या भाषेत, ही बारमाही वाफसा ठेवायची युक्ती आहे. चिखल नाही, भेगा नाहीत.

आता समजा, अक्कलकोट रस्त्याला कुणी दीडशे एकर, म्हणजे साठेक हेक्टर जमीन घेतली आणि म्हणाला, मला अगदी इंग्लंडसारखं करायचंय. अठरा भोकांना एवढी जागा लागतेच. पहिली गाठ पडेल काळ्या मातीशी. आपली भारी काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. मे महिन्यात एकेक भेग अशी की पावणेदोन इंची चेंडू आत गेला तर तो थेट पाताळात. पावसाळ्यात तीच जमीन चिबड होते. त्यामुळे सगळीकडे निचऱ्याचे चर आणि वरून वाळू-मुरमाचा थर, हा पहिला खर्च. विलायतेत चिकणमातीच्या मैदानांवर गांडुळांचाही वैताग असतो: त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या ग्रीनवर आल्या की चेंडू अडखळतो. आम्ही दुकानात गांडूळ खत विकतो आणि तिकडचे माळी गांडुळांना शिव्या देतात.

दुसरी गाठ पाण्याशी, आणि इथे एक आकडा ऐकून मी स्वतः चकित झालो होतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरतात. लंडनला? साधारण सहाशे. बस, एवढाच फरक. मग तिकडे हिरवंगार आणि इकडे रखरखाट का? कारण तिकडचा पाऊस वर्षभर रिमझिमत वाटून पडतो आणि ऊन मवाळ असल्याने पाणी उडून जात नाही. आपला जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलै-ऑगस्टमध्ये दडी मारतो आणि सप्टेंबरमध्ये एकदम कोसळतो. उरलेले आठ महिने आकाश पाणी घेतं, देत नाही.

हिशेब करून बघू. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. वैशाखात याहून जास्तच लागेल. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. साठ हेक्टरांपैकी फक्त २५ हेक्टर भिजवायचं ठरवलं तरी रोजचे साडेबारा लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे सव्वाशे टँकर. रोज. आणि हे त्या शहरात, जिथे नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येत आलंय आणि उजनी किती टक्के हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर विचारला जातो. सांडपाणी शुद्ध करून वापरणं हा एक मार्ग आहे, आणि बऱ्याच देशांतली मैदानं तसं करतात. ते ठीक. पण तेच पाणी मागायला मग शेतकरी आणि कारखानेही उभे असणार.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ओकची झाडं आणि हिरवी हिरवळ हा त्या जमिनीचा वेश आहे. आपल्या जमिनीचा वेश माळरानाचा. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं, मध्येच एखादी बोर किंवा हिवर, पावसाळ्यात हिरवं आणि दिवाळीनंतर सोनेरी. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते याच माळासाठी. काळवीट, लांडगा, खोकड आणि जमिनीवर घरटं करणारे चंडोल यांना झाडी नको असते, लांबवर दिसणारं उघडं रान हवं असतं. पण माळ दिसला की आपल्याला तो पडीक वाटतो आणि आपण खड्डे खणून झाडं लावत सुटतो. केपेबिलिटी ब्राउनने निदान बहुतांशी स्वतःच्या देशातल्या झाडांनी खेळ केला होता.

मग कोरड्या मुलखात गोल्फ खेळूच नये का? खेळतात की. १८२९ साली कोलकात्यात ब्रिटनबाहेरचा पहिला गोल्फ क्लब निघाला, तिथे पाऊस भरपूर. पण कोरड्या छावण्यांमध्ये साहेबाने वेगळी वाट काढली होती. ग्रीनच्या जागी ‘ब्राउन’: वाळूत तेल मिसळून, दाबून केलेलं तपकिरी गोल अंगण. गवत नाही, पाणी नाही. चेंडू भोकात गेला की पायांचे ठसे फळीने किंवा जाजमाच्या तुकड्याने ओढून पुसायचे आणि पुढे निघायचं. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या वाळवंटी भागात अजून अशी मैदानं आहेत. तिथल्या कूबर पीडी या ओपल खड्यांच्या खाणींच्या गावातल्या मैदानावर तर गवताचं एक पातं उगवत नाही. दिवसा इतकं तापतं की लोक पुष्कळदा रात्री, चमकणारे चेंडू घेऊन खेळतात. पहिला फटका मारायला मात्र चेंडूखाली मऊ काही तरी लागतं, म्हणून प्रत्येक खेळाडू हिरवळीचा एक छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरतो. खाली टाकला, फटका मारला, उचलला, की पुढच्या भोकाकडे.

“आन् ते हिरवळीचा तुकडा घेऊन खेळायचं टीव्हीवर का दावत न्हाईत?” भाच्याने विचारलं. कूलरमधलं पाणी संपलं होतं, ते भरायला मी उठलो.